एका मोहिमेत एकच थाप

रविवार, ५ जानेवारी

कमल मेली. मीच मारली, आणि गणिताने मारली.

दर रविवारी माधवीच्या क्लासमध्ये बसून आम्ही चौघे जी गोष्ट खेळतो, त्या खेळातली कमल. पण घरी आल्यापासून माझं डोकं तापलंय ते खेळातलं नाही. आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या चौघे चार तऱ्हा सांगतील.

आमचं यान ‘दारणा’ चंद्रावर उभं. पोटात बर्फाच्या लाद्या खच्चून भरलेल्या. कमल तीन किलोमीटर लांब, वाकलेला अँटेना सरळ करायला गेलेली. तिथे तिच्या गाडीचं चाक मोडलं आणि सूटमधून हवा गळायला लागली. वीस मिनिटांची हवा. चालत यायला तास. तेजस म्हणाला, यानच उचलू आणि तिच्याशेजारी नेऊन उतरवू. तेव्हा आठवं मिनिट चालू होतं. माधवीने माझ्याकडे बघितलं. “मावशी, उचलेल?”

माधवी सूत्रधार. गोष्ट ती पुढे नेते. सोंगं ज्याची त्याची. भौतिक माझ्याकडे. काय उडेल, काय पडेल, काय पेटेल ते मी सांगायचं आणि माझा शब्द शेवटचा. दोन वर्षं हाच रिवाज.

कागदावर मांडलं. इंजिनाचा रेटा आठ टन. रिकामं यान पृथ्वीवर अठरा, म्हणजे चंद्रावर सहावा भाग, तीन. मालाची पावती बारा टन, चंद्रावरच्या डेपोची. तीन नि बारा पंधरा. आठाच्या रेट्याने पंधरा हलत नाहीत. माल उपसायला दीड तास. म्हटलं, नाही उचलणार.

मग माधवी मिनिटं मोजत गेली आणि मी सांगत गेले. हवा विरळ झाली की नजर आखडते, नखं निळी पडतात. पण माणूस घाबरत नाही. उलट गुंगी येते, बरं बरं वाटतं, कुणीतरी पांघरूण घातल्यासारखं. सगळं वाचलेलं. खोटं कशाला लिहू, रंगात येऊन सांगितलं. छान जमलं होतं.

कमल म्हणजे नामदेवभाऊ. सहासष्ट वर्षांचा पांढऱ्या मिशांचा माणूस पंचविशीतली इंजिनीअर मुलगी होऊन बोलतो आणि कुणालाही हसू येत नाही, इतकं खरं बोलतो. विसावं मिनिट संपलं तसं त्यांनी कमलच्या कागदाची घडी केली, खिशात घातली. “बरं. सरनं ना? चला मंग.” आणि वर घरी निघून गेले. जिन्यात दोनदा थांबले.

तेजस म्हणाला, “मावशी, तुम्ही फार थंड आहात हो.”

थंड! मी!

सोमवार, ६ जाने.

सकाळी चहा घशाखाली उतरायच्या आत ग्रुपवर तेजसचा मेसेज. “कमलच्या रक्तात आधीपासून सूक्ष्मयंत्रं होती असं धरू. ती श्वासातला कार्बन डायऑक्साइड फोडून ऑक्सिजन परत करतात. म्हणजे ती जिवंत. सगळे खुश!” खाली तीन नाचणारी चित्रं.

तळपायाची आग मस्तकात गेली.

असं धरू म्हणे. धरू म्हणजे काय? तो फळा काय शोभेला आहे? माधवीच्या क्लासच्या फळ्यावर वर कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय, एका मोहिमेत एकच थाप. थाप म्हणजे आपण रचलेलं विज्ञान. ती मोहीम सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांदेखत मारायची. तिला काय जमतं, काय जमत नाही, तिच्यापायी काय गमवावं लागतं, सगळं लिहायचं. मग फळा पुसायचा नाही. बाकी सगळं खरं, शाळेच्या पुस्तकातलं.

या मोहिमेची थाप ‘फट’. चंद्राच्या पाठीमागे अवकाशाला एक फट आहे, तिच्यातून यान दुसऱ्या सूर्याकडे निघतं. पण आरपार जाताना यानातला एकूण एक चुंबक मरतो. त्या एका अटीपायी तीन रविवार आम्ही डोकी खाजवली, कारण चुंबक मेला की पंपाची मोटार मेली. शेवटी नामदेवभाऊंनीच तोड काढली. तांब्याच्या तारेचं वेटोळं न्यायचं, त्यात वीज सोडून तिकडे गेल्यावर नवा चुंबक करायचा. किती आनंद झाला होता सगळ्यांना! खऱ्या विज्ञानाने थापेवर मात केली होती. खेळ म्हणजे तो.

थाप आधी मारली तर ते विज्ञान. अडकल्यावर मारली तर लबाडी. एवढं सोपं आहे.

मी लिहिलं, “नियम वाच.”

त्याचं उत्तर, “मावशी, गेम आहे हो.”

गेम आहे म्हणूनच तर! आयुष्यात कुणी नियम पाळत नाही, निदान इथे तरी पाळा.

हे पाठवलं नाही. इथेच लिहिलं.

बुधवार, ८

ना.भा. फोन उचलत नाहीत. काल दोनदा, आज तीनदा.

रुसले असतील तर रुसू देत. मीही काही मातीची नाही. आमच्या कॉलेजात एकतीस वर्षं लॅब अटेंडंट म्हणून काढली. शाळा नववीपर्यंत. भिंगं पुसली, स्टॉपवॉचना किल्ल्या दिल्या, मुलांनी तोडलेल्या तारा जोडल्या. सर पुढे शिकवायचे, मी मागे उभी राहून शिकले. सुट्टीत कपाटातली पुस्तकं घरी आणून वाचली. नाही समजलं तर परत वाचलं. ही माधवी तेव्हा बारावीला होती, लोलकाचं प्रॅक्टिकल हिला मी शिकवलंय, सरांनी नाही. आणि हे पोरगं मला सांगतं, गेम आहे हो.

एका ओळीसाठी मी रात्र रात्र बसलेय. माझ्याकडून कुणी ‘असं धरू’ वदवून दाखवावं.

थंडी मी म्हणतेय. पाणी तापवायला दोन बादल्या लावते तर हीटरही आज फुस्स झाला. उघडला, कॉइल गेलेली. बदलली. निदान तो तरी ऐकतो माझं.

शुक्रवार, १० जाने.

आज जे ऐकलं ते आधी ऐकायला हवं होतं.

गंगापूर रोडला भाजी घ्यायला गेले होते. सुनीता भेटली, नामदेवभाऊंची लेक. तिचा फ्लॅट माधवीच्या क्लासच्या बरोबर वर. भाऊ नामपूरहून दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे राहायला आले ते छातीपायीच. बाजार समितीत पस्तीस वर्षं मापारी, म्हणजे शेतकऱ्याचा कांदा तोलून देणारा माणूस. जन्मभर कांद्याच्या फोलकटात उभं राहायचं. आता फुप्फुसं म्हणतात, बस्स. रात्री नाकाला नळी लावून झोपतात, उशाशी ऑक्सिजनचं मशीन.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत होतं!

सुनीता मेथीची जुडी हातात धरून उभी. म्हणाली, “मावशी, रागवू नका, पण रविवारी खाली काय झालं?”

“का गं?”

“बाबा आल्यापासून दिवसाही मशीन सोडत नाहीत. आणि मला विचारत होते, हवा सरली की आधी काय होतं, नजर जाते का शुद्ध जाते. मी म्हटलं, बाबा, हे काय भलतंच? तर म्हणाले, तुझ्या त्या मावशीला बरोबर ठाऊक आहे.”

भाजीवाली सुट्टे पैसे देत होती ते तसेच राहिले.

वीस मिनिटं. मी त्या माणसाच्या समोर बसून वीस मिनिटं हवा संपवत होते. नखं निळी पडतात म्हणून सांगत होते. त्यांची नखं समोर टेबलावर होती. बघायला काय झालं होतं मला? आणि माधवीला? आणि त्या हळव्या तेजसला? त्याला ‘थंड’ म्हणायला सुचलं, ‘थांबा’ म्हणायला सुचलं नाही!

घरी येऊन भांडी आदळली. एक कप फुटला. बरं झालं.

पण गणित बरोबर होतं. ते चुकलेलं नाही. एवढं मी धरून आहे. धरून राहणार.

रविवार, १२

भाऊ आले नाहीत. तिघेच बसलो. खेळ नाही, नुसतं भांडण.

तेजस सूक्ष्मयंत्रं चार पानांवर लिहून घेऊन आला. रंगीत आकृत्यांसकट. मी विचारलं, फोडायला ऊर्जा कुठून येते? “शरीराच्या उष्णतेतून.” म्हटलं, अरे बाळा, ऑक्सिजन जळूनच तर ती उष्णता येते, तीच वापरून तोच ऑक्सिजन परत करणार? दिव्याच्या उजेडावर दिवा पेटवतोस? “मग दुसरी काहीतरी ऊर्जा धरू.” परत धरू!

“मावशी, तुम्हाला कमल जिवंत नकोच आहे.”

असा राग आला की खडू मोडला हातात.

माधवी मध्ये पडली. “मावशी, ह्या एका वेळेस नियम सोडू. माणूस मोठा का नियम?”

“माणूस. म्हणूनच.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे त्यांना लबाडीने उठवलेली कमल नकोय. दयेची कमल नकोय. त्या माणसाने पस्तीस वर्षं काटा धरलाय. माशी बसल्याने काटा हलला तरी त्यांना कळतं. आपण काटा दाबला तर कळणार नाही?”

“तुम्ही विचारलंत त्यांना?”

विचारलं नव्हतं.

“मग?”

मग काय मग. शेजारचा चहावाला चार कप ठेवून गेला. नेहमीचे चार. कुणी चौथ्याला हात लावला नाही. मी म्हटलं, दोन वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडे, प्रत्येक निर्णय लिहिलेला आहे. या नियमाने किती वेळा आपला खेळ वाचवला ते काढून दाखवते, आकड्यांसकट. मग बोला.

सोमवार, १३

कुठल्या तोंडाने लिहू.

वह्या काढल्या. पाच आहेत. पहिल्यापासून वाचायला बसले, प्रत्येक थाप न मारल्याच्या जागी कागदाची खूण घालत. तावातावाने. अकरा खुणा झाल्या होत्या. आणि पहिल्याच वहीत, मागच्या बाजूला, माझंच अक्षर.

‘वरच्या मजल्यावरचे नवीन गृहस्थ आज खाली आले. नामपूरचे, नामदेवभाऊ. प्यायला पाणी मागितलं आणि बसूनच राहिले. पहिला प्रश्न, चंद्रावर कांदा किती भरेल? म्हटलं, काटा कोणता त्यावर. स्प्रिंगचा ताणकाटा किंवा इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर सहावा भाग. तागडी असेल तर इथे तेवढाच तिथे, कारण पारड्यातली वजनंही तेवढीच हलकी होतात. फार खुश झाले. म्हणाले, मंग चंद्रावर तागडीच ठेवा, शेतकरी लुबाडायचा नाही. निर्णय: चंद्रावरच्या सगळ्या डेपोंत तागडी. ताणकाटा बंद.’

खाली माझी सही.

बारा टनांची पावती तागडीची. म्हणजे पृथ्वीवर बारा. चंद्रावर तिचा भार सहावा भाग, दोन. फक्त दोन! रिकाम्या यानाचे अठराचे तीन केले आणि मालाचे मात्र ताणकाट्याचे समजून बाराचे बाराच ठेवले. तीन नि दोन पाच. आठाच्या रेट्याला पाच म्हणजे काहीच नाही. पिसासारखं उचललं असतं.

कमल मरायचं काही कारण नव्हतं.

मखमलाबादला आमचा मळा होता. शेवंती, गलांडा, वांगी. बापाने बाजारात तागडी माझ्या हातात दिली तेव्हा मी सात वर्षांची असेन. पारडं कसं झुलतं, कधी थांबतं, सगळं बोटांत आहे माझ्या. आणि चूक कुठे केली तर तागडीत! एखाद्या प्राध्यापकाने केली असती तर समजलं असतं.

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. बडवलं एकदा. लागलं.

माधवीला फोन केला. सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, “मावशी, खरंच असं आहे, का तुम्ही...”

“का मी काय?”

“नाही, चांगलंच आहे ना. भाऊंसाठी...”

वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. तेजसचं उत्तर लगेच, “वा मावशी! काय जबरदस्त जुगाड काढलात! मानलं!!”

जुगाड!

आयुष्यात पहिल्यांदा मी चुकले म्हणून कबूल करतेय तर ह्यांना ती थाप वाटते. ह्यांच्या मते मी काल रात्रीत जुन्या वहीत नवीन पान लिहिलं! एक आठवडा मी ज्या गोष्टीवरून भांडले तीच मी केली असं ह्यांना वाटतंय, आणि वर ह्यांना त्याचं कौतुक आहे. टाळ्या वाजवतायत.

रडू येतंय ते रागाचं आहे.

मंगळवार, १४, संक्रांत

तिळगूळ घेऊन वर गेले. वहीही घेतली.

सुनीता ऑफिसला. दार त्यांनीच उघडलं, नळी ओढत. लांब नळी आहे, स्वयंपाकघरापर्यंत पोचते. मशीन आत घरघरत होतं. म्हणाले, “या ताई. बठा.”

मी बसलेच नाही. उभ्यानेच वही उघडून समोर धरली. मी चुकले, हा बघा आकडा, तागडीची पावती, दोनच टन. घडाघडा बोलले. ते ऐकत होते. वही हातात घेतलीच नाही.

“माले माहीत शे.”

“काय माहीत आहे?”

“तागडीचं माप व्हतं ते. मी मापारी, ताई. काटा कोनता ते पहिलं पाहतो, मंग आकडा. तुम्ही पंधरा लिहिलं तव्हाच समजलं.”

मला कानफटात बसल्यासारखं झालं. “मग बोलला का नाहीत?”

त्यांनी तिळगुळाचा डबा उघडला.

“आठवं मिनिट होतं! एक शब्द बोलला असतात तर वाचली असती!”

“हा.”

“मग?”

त्यांनी तिळगुळाचा खडा तोंडात टाकला. चघळला. सावकाश. मग बोलले ते असं. थांबत थांबत बोलले, मी सलग लिहिते.

“डॉक्टर मना संगे बोलत नही. पोरीसंगे बोलतो, बाहेर. पोर आत येते, म्हनते, बाबा काही नही, बरं शे. तिचे डोळे मी पाहतो ना. इतले दिवस कोनी सांगतच नही, शेवटी कसं र्‍हातं. तुम्ही सांगत व्हत्या. समोर बसीसन, न घाबरता. म्हटलं बोलू द्या ताईला. पाहून घेऊ येक डाव.”

मी भिंतीला टेकले.

“तुम्ही म्हनल्या घाबरं होत नही. गुंगी येते. पांघरूण घालतं कोनी. ते खरं व्हतं का थाप?”

आता इथे काय लिहू. खरं उत्तर माझ्याकडे होतं. सूटमधून हवा गळते तेव्हा तसं होतं असं मी वाचलंय. तुमच्या फुप्फुसांबद्दल मी एक अक्षर वाचलेलं नाही. एवढंच म्हणायचं होतं. दोन वाक्यं.

ते माझ्याकडे बघत होते. घरघर चालू होती.

म्हटलं, “खरं आहे.”

“बरं शे,” म्हणाले. “तिळगूळ चांगला जमला.”

बुधवार, १५

थाप मारली मी. अडकल्यावर मारली. आधी नाही, फळ्यावर नाही, कुणादेखत नाही.

तेजसला मी आठवडाभर फाडून खाल्लं. त्याने निदान चार पानं लिहून आणली होती.

त्या डॉक्टरचाही राग येतोय. सुनीताचाही. सगळे मिळून एका माणसाला काहीच सांगत नाहीत, मग तो जातो विचारायला कुणाला, तर नववी पास बाईला, चंद्रावरच्या मुलीच्या नावाने. सगळ्यात जास्त राग भाऊंचा येतोय. कमलला मारू दिलंत मला! माझ्या हातून! माझी चूक दिसत होती आणि गप्प राहिलात. दोन वर्षं रविवारी शेजारी बसतो आपण.

आणि सगळ्यात सगळ्यात जास्त कुणाचा ते लिहायला नको.

आज काही वाचलं नाही. पुस्तक उघडलं की ‘खरं आहे’ ऐकू येतं.

शनिवार, १८ जाने.

तीन दिवस तसेच काढले. आज दुपारी फोन केला. या वेळेला लगेच उचलला.

म्हटलं, “नामदेवभाऊ, मंगळवारी मी बोलले ते मला ठाऊक नव्हतं. सूटचं ठाऊक होतं. तुमच्या छातीचं नाही. मी थाप मारली.”

“माले समजलं व्हतं.”

“हेही समजलं होतं? मग तुम्हाला सगळं समजतं तर मला विचारता कशाला हो!” ओरडलेच. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून डोकावून बघितलं.

ते हसले. मग खोकला आला, तो थांबेपर्यंत मी कानाला फोन लावून उभी. मग म्हणाले, “मंगळवारी मना डॉक्टर शे, अकरा वाजता. पोर येईल. तुम्हीबी या. तुम्ही इचारा. तुम्ही इचारल्यावर तो टाळू शकनार नही. तेजसनं सांगितलं माले, तुम्ही त्याले ऊर्जा कुठून येते ते इचारलं. डॉक्टरलेबी इचारशाल.”

म्हटलं, येते. सुनीताला आधी सांगा मात्र, मी तिला चोरून येणार नाही.

“सांगतो.”

“आणि उद्या खाली या. निर्णय चुकला, तो मी बदलणार. तुम्हाला आवडो न आवडो. भौतिकाला मतदान नसतं.”

“पाहू,” म्हणाले. पाहू म्हणे.

डॉक्टरला विचारायचं ते कागदावर लिहायला घेतलं. चार प्रश्न झाले. चौथा खोडला. परत लिहिला.

रविवार, १९

आले. छोटा सिलिंडर सुनीताने खाली आणून दिला, खुर्चीशी उभा केला. माझ्याकडे बघून मान हलवली तिने, राग होता का नाही कळलं नाही. नळी नाकाला तशीच. तेजस आधी त्या नळीकडे बघायला तयारच नव्हता. मग एकदम म्हणाला, “भाऊ, हे किती लिटरचं आहे?” आणि दोघे सिलिंडरवर बोलत बसले. मला त्या पोराचा आज पहिल्यांदा राग आला नाही.

मी फळ्याजवळ उभी राहिले. पाचही वह्या टेबलावर. म्हटलं, ज्याला हे पान नवीन वाटतं त्याने शाई बघा, आधीचं-नंतरचं पान बघा. तेजस म्हणाला, “मावशी, सॉरी ना.” म्हटलं, सॉरी नको, बघ. बघितलं त्याने. पान उजेडात धरून बघितलं, माझ्यादेखत! आणि मग म्हणाला, “जुनं आहे.”

मग मांडलं फळ्यावर. मोठ्या अक्षरात. रेटा आठ, भार पाच. चूक माझी. आठव्या मिनिटापासून पुढचं सगळं रद्द.

माधवीने तिथून उचललं. इंजिन तापायला चार मिनिटं. तीन किलोमीटर उडून उतरायला दोन. धूळ उडाली, बसली. चौदावं मिनिट संपलं. तेजसच्या सोंगाने यानाचं दार उघडलं, खाली उतरला, धुळीत दिसणाऱ्या त्या आडव्या आकृतीकडे निघाला. माधवी रेडिओवर बोलावं तशी म्हणाली, “कमल. दारणा बोलतंय. कमल, ऐकू येतंय का?”

भाऊंनी खिशातून कमलचा कागद काढला. घडी उलगडून टेबलावर सपाट केला, तळहाताने दोनदा. “ताई, किती उरली हवा?”

“सहा मिनिटं.”

“तागडीने का ताणकाट्याने?”

तेजस फिस्सकन हसला. मला हसू नाही आलं. “सहा म्हणजे सहा,” मी म्हटलं. “उत्तर द्या तिला. मुलगी कधीची हाका मारतेय.”

“सहा मिनिटं बाकी शेत ना? मंग घाई कसाले? पहिलं चहा येऊ द्या.”

चहा आला. चार कप. त्यांनी बशीत ओतून घेतला, फुंकर मारली, फुंकर कमी पडत होती, परत मारली. माधवी हातात पेन घेऊन बसलेली. “भाऊ, कमल काय करते?” “चहा पेते.” “भाऊ!” “बरं बरं, विचार करते.” मी म्हटलं, हवा संपत आलेलं माणूस विचार करत नाही, वर बघतं. “तुम्ही गेल्या व्हत्या का तठे?” हे मला! पुरावा मागायची माझीच खोड माझ्यावर! आणि ते बशीआडून बघत होते माझ्याकडे.

पाच वाजले. पाचची बॅच दारात येऊन उभी राहिली, दप्तरं घेऊन. फळा त्यांना हवा होता. मी म्हटलं, पुसू नका. एक पोरगी म्हणाली, मावशी, आमची टेस्ट आहे. अर्धा फळा दिला त्यांना.

भाऊ जिना चढून वर गेले. सुनीता एका हातात सिलिंडर, मी पाठीमागे. तीनदा थांबले. तिसऱ्या वेळेला मी म्हटलं, “कमलचं काय ते सांगा आत्ताच्या आत्ता, मला झोप लागणार नाही.”

ते कठडा धरून उभे. बोट वर केलं, थांबा म्हणून. श्वास घेत होते. मी थांबले, कमलची सहा मिनिटं अजून तशीच शिल्लक आहेत.